छत्तीस लोकरी वस्तू, एक साधा कॅमेरा : घरात काढलेल्या फोटोंच्या नोंदी

२ नोव्हेंबर

मावशीने विणलेल्या ३६ वस्तूंचे फोटो काढायचे आहेत. स्वेटर, शाली, मफलर, कानटोप्या, तान्ह्या बाळांचे मोजे. ज्यांना त्या हव्या असतात ते लांब राहतात आणि फोटो बघूनच रंग ठरवतात. मागे एकाने फोनवरचा फोटो पाहून ‘ती निळी शाल’ मागवली. हातात पडली ती जांभळी. शाल परत आली आणि मावशीचा फोटोंवरचा विश्वास उडाला. आता तिच्या अटी दोनच. वस्तू पडद्याशेजारी धरली की रंग जुळला पाहिजे, आणि टाका न् टाका मोजता आला पाहिजे.

कॅमेरा जुना, खिशात मावणारा, १२ मेगापिक्सेलचा. सेन्सर करंगळीच्या नखाएवढा. झूम न करता भिंगाचं तोंड एफ २.८ पर्यंत उघडतं, पूर्ण झूमला एफ ५.९ (आकडा मोठा, तोंड लहान). शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, हाताने ठरवता येत नाही. आयएसओ (सेन्सरने उजेडाला किती दाद द्यायची ते), उजेडाची कमी-जास्त भरपाई आणि व्हाइट बॅलन्स (कोणत्या उजेडाला पांढरं मानायचं ते) तेवढे आपल्या हातात. फाइल फक्त जेपीईजी, कॅमेऱ्यातच शिजून दाबलेली, म्हणजे रंग चुकला तर नंतर सावरायला फारसा वाव नाही. दोन संध्याकाळी पुरतील असा माझा अंदाज होता. लागले साडेतीन आठवडे, म्हणून या नोंदी.

३ नोव्हेंबर

रात्री खोलीतला दिवा लावला, शाल पलंगावर पसरली, सगळं ऑटोवर ठेवून ४० फोटो काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर झकास दिसले. कॉम्प्युटरवर उघडले तर ४० पैकी ३१ हललेले.

फोटोची माहिती उघडून पाहिली: आयएसओ ४००, शटर १/१५ सेकंद. झूम केलेल्या फोटोंत १/४. कारण साधं आहे. एफ २.८ वरून एफ ५.९ वर गेलं की आत येणारा उजेड चारपटीहून जास्त घटतो आणि कॅमेरा ती तूट शटर लांबवून भरतो. १/४ सेकंद हात स्थिर ठेवणं माझ्याच्याने होत नाही, श्वास रोखूनही नाही.

मग फ्लॅश लावून पाहिला. फोटो कडक आले, पण विण गायब. वेण्यांची नक्षी असलेला स्वेटर इस्त्री केल्यासारखा सपाट दिसला. फ्लॅश भिंगाला लागूनच असतो, त्यामुळे टाक्यांच्या सावल्या टाक्यांच्या मागेच लपतात. लोकरीला सावली हवी. फ्लॅश कायमचा बंद केला.

४ नोव्हेंबर

ट्रायपॉड आणला, छोटा, टेबलावर ठेवायचा. आयएसओ ८० वर बांधून टाकला. फोटो स्वच्छ येऊ लागले, पण दर चौथा-पाचवा अजून किंचित हललेला. बटण दाबतानाच कॅमेरा डुलत होता. २ सेकंदांचा टायमर लावला आणि तो प्रश्न संपला. भिंगातली थरथर रोखणारी सोय ट्रायपॉडवर असताना बंद ठेवली. चालू-बंद दोन्ही करून पाहिलं, माझ्या कॅमेऱ्यात चालू असताना फोटो जरा मऊ येतो.

आणि हे सांगायला लाज वाटते, पण भिंगावर बोटाचा ठसा होता. कालच्या सगळ्या फोटोंत उजळ भागांभोवती जे धुकं होतं ते मी ‘जुना कॅमेरा’ म्हणून सोडून दिलं होतं. मऊ कापडाने पुसलं. आधी हे करा, बाकी सगळं नंतर.

६ नोव्हेंबर

आजपासून रंग. ऑटो व्हाइट बॅलन्सवर शेवाळी मफलरचे चार फोटो काढले, चौघांत चार शेवाळी. चौकटीत मफलर जास्त आला की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच हिरवा आहे, आणि तो हिरवेपणा पुसायला जातो. मागची चादर जास्त आली की वेगळा निकाल. एकच वस्तू, एकच दिवा, तरी असं.

बल्बच्या चिन्हाची ठरावीक सोय निवडली. थोडं बरं, पण पिवळसर झाक राहिली. ती सोय साधारण २८००-३००० केल्विनच्या पिवळ्या दिव्यासाठी असते (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळा). माझा दिवा एलईडी, त्याचा रंग त्याचा तो.

मॅन्युअल व्हाइट बॅलन्सचा पर्याय मेनूत तिसऱ्या पानावर सापडला. इतकी वर्षं कॅमेरा वापरतोय, तिथवर कधी गेलोच नव्हतो. प्रिंटरचा कोरा कागद वस्तूच्या जागी धरायचा, चौकट भरायची, बटण दाबायचं. पुढचे सगळे फोटो त्या कागदाला पांढरा मानून निघतात. शेवाळी मफलरचे पुढचे चार फोटो एकसारखे आले. मावशी म्हणाली, “हं, हा ओळखीचा वाटतोय.”

७ नोव्हेंबर

सकाळी सात फोटो काढले, खिडकीजवळ, दिवाही लावून. दोन्हीकडून उजेड मिळेल हा माझा हिशोब. राखाडी स्वेटरची खिडकीकडची बाही निळसर आली, दिव्याकडची पिवळी. कागद दाखवून व्हाइट बॅलन्स घ्यायला गेलो तर कागदच अर्धा निळा, अर्धा पिवळा. अशा वेळी कॅमेरा मधला काहीतरी आकडा धरतो आणि दोन्ही बाजू चुकतात. नंतर दुरुस्तही होत नाही, एक बाही सुधारली की दुसरी बिघडते.

एका वेळी एकाच जातीचा उजेड. दिवा लावायचा तर पडदे बंद, खिडकी वापरायची तर खोलीतले सगळे दिवे बंद. शेजारच्या खोलीतला दारातून येणारासुद्धा.

९ ते १२ नोव्हेंबर

रात्री काम करता यावं म्हणून दोन एलईडी दिवे आणले. घाईत आणले, दोन वेगळ्या बनावटीचे. खोक्यावर दोन्हींवर ६५०० केल्विन. लावल्यावर पांढऱ्या कागदावर पेन उभं केलं तर त्याच्या दोन सावल्या पडल्या, एक गुलाबीसर आणि एक हिरवट. दोन्ही ‘पांढरे’ दिवे एकमेकांशी जुळत नव्हते. एक परत खोक्यात गेला, तो अजून तिथेच आहे. खर्च वाया.

उरलेल्या एकावर काम सुरू केलं. दिव्यापुढे ट्रेसिंग पेपरची चौकट धरली, समोरच्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तक्ता उभा केला. सावल्या मऊ झाल्या, विण छान उठली. चार रात्रींत १७ वस्तू झाल्या. मी खूश. १२ तारखेला मावशी आली आणि तिने वस्तू एकेक करून पडद्याशेजारी धरायला सुरुवात केली. बदामी ठीक. राखाडी ठीक. आकाशी ठीक. डाळिंबी? “हा विटकरी आहे.” जांभळी शाल? पडद्यावर ती चक्क निळी होती.

मला पटेना. फोटोच्या कोपऱ्यात राखाडी स्वेटरची बाही आली होती, तिचे आकडे तपासले. लाल, हिरवा, निळा तिन्ही जवळपास सारखे, म्हणजे व्हाइट बॅलन्स चोख. राखाडी बरोबर आणि जांभळा चूक, हे कसं? मी मेनूत डोकं घालून बसलो. मावशीने शाल उचलली, दिव्याखाली धरली, मग खिडकीपाशी नेली, परत दिव्याखाली आणली.

“अरे, फोटोला कशाला नावं ठेवतोस? शालच इथे निळी दिसतेय.”

खरंच दिसत होती. चार रात्री मी ती शाल त्या दिव्याखाली पाहत होतो आणि डोळ्यांना सवय होऊन गेली होती. हलक्या एलईडीच्या उजेडात गडद लाल भाग फार कमी असतो. व्हाइट बॅलन्स एकूण झुकाव सरळ करतो, पण जो रंग उजेडातच नाही तो वस्तूवरून परत कुठून येणार? राखाडीला फरक पडत नाही. जांभळा, डाळिंबी, राणी रंग, यांचं सगळं लालावर चालतं, म्हणून तेच आधी मरतात. खोक्यावर सीआरआय हा आकडा पाहायचा असतो हे नंतर वाचलं, दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. माझ्या दिव्याचा ८०. रंगाच्या कामाला ९० च्या वरचा हवा. त्यातही हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरतच नाहीत. त्याचा वेगळा आकडा असतो, आर ९ नावाचा, तो कुणी छापला असेल तर दिवा बरा समजा.

१७ पैकी ६ फोटो बाद. नवा दिवा आणायचा नाही असं ठरवलं. खिडकी फुकट आहे.

१४ नोव्हेंबर

टेबल खिडकीला लावलं. या खिडकीत थेट ऊन येत नाही, आकाशाचा उजेड येतो. वस्तू खिडकीपासून साधारण एक मीटरवर, उजेड एका बाजूने, समोर तोच थर्मोकोल. आयएसओ ८०, एफ ४.५, शटर १/६ सेकंद. डाळिंबी स्वेटर पहिल्यांदा डाळिंबी आला.

पण पार्श्वभूमीची पांढरी चादर राखेच्या रंगाची. हा दोष दिव्याखालीही होता, तेव्हा रंगाच्या नादात दिसला नव्हता. समोर काहीही असलं तरी कॅमेरा ते मध्यम करड्यावर आणून ठेवतो. चौकटीत पांढरं जास्त असलं की फोटो काळवंडतो, काळं जास्त असलं की फिकटतो. भरपाई +२/३ केली, चादर पांढरी झाली. काळ्या मफलरला उलट, -२/३. मफलर मोठा पसरला तर -१.

१५ नोव्हेंबर

आज तासभर एका गोष्टीने छळलं. मोहेरची, म्हणजे लांब लव असलेल्या लोकरीची गुलाबी टोपी. ट्रायपॉड पक्का, टायमर लावलेला, शेजारी ठेवलेल्या चिठ्ठीवरचं छापील अक्षर न् अक्षर कोरीव. टोपी मात्र धूसर. फोकस पुढे-मागे करून पाहिला, टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली पुठ्ठा घातला, आयएसओ वाढवला. आयएसओ ४०० ला जरा बरं आलं, त्यावरून सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

फोटो मोठा करून पाहिला तेव्हा लक्षात आलं की टाके स्पष्ट आहेत, वरची लव तेवढी पुसलेली आहे. मान वर केली. पंखा. सगळ्यात हळू चाललेला, त्याची झुळूक माझ्या हाताला कळतही नव्हती, पण लवेला कळत होती. १/६ सेकंदात प्रत्येक केस इकडचा तिकडे होत होता. पंखा बंद केला, मिनिटभर थांबलो, पुढचा फोटो असा आला की लवेचा केसन् केस मोजावा.

१६ नोव्हेंबर

बाळाचा मोतिया स्वेटर. डाव्या बाजूला गुलाबी झाक, उजवी बाजू स्वच्छ. व्हाइट बॅलन्स परत घेतला, झाक तशीच. काचेवर काही आहे का, चादरीवर काही आहे का, सगळं पाहिलं. टेबलाच्या डाव्या अंगाला मी उभा होतो, लाल शर्ट घालून. पांढरा शर्ट घालून आलो, गुलाबी झाक गेली. तेव्हापासून फोटोच्या दिवशी पांढरा नाहीतर राखाडी शर्ट. भिंत रंगीत असेल तर तिच्यापुढेही पांढरा तक्ता लावा.

१८ आणि १९ नोव्हेंबर

या दोन संध्याकाळी पूर्ण वाया गेल्या, निव्वळ माझ्या मूर्खपणाने. कॅमेऱ्याचा यात काही दोष नाही.

१४ फोटो कॉम्प्युटरवर घेतले. सगळे जरा पिवळे वाटले, म्हणून प्रत्येकात निळा थोडा वाढवला. वस्तू शेजारी धरून, मन लावून, दोन रात्री. २० तारखेला सकाळी मावशीला दाखवायला उघडले तर सगळे बर्फात ठेवल्यासारखे. संध्याकाळी ७ नंतर पडदा आपोआप पिवळसर करणारी नाइट लाइटची सोय चालू होती. मी पडद्याचा पिवळेपणा फोटोंतून काढत बसलो होतो. जवळजवळ पाच तास गेले. मूळ फाइली वेगळ्या ठेवल्या होत्या म्हणून वाचलो.

आता नाइट लाइट बंद, उजेड कमी-जास्त करणारी ऑटो सोयही बंद, आणि डोळ्यांवर भिस्त न ठेवता आकडे. फोटोत एक राखाडी तुकडा असतो, त्याच्यावर कॉम्प्युटरवरचं रंग मोजणारं टोचण ठेवायचं, ते तिथला लाल, हिरवा आणि निळा आकड्यांत सांगतं. तिन्ही आकडे सारखे आले तर हात लावायचा नाही.

२१ नोव्हेंबर

आकडे बघायला लागल्यावर नवीच गोष्ट कळली. खिडकीतल्या फोटोंत राखाडी तुकडा १३१, १२८, ११७. निळा कमी, म्हणजे फोटो खरोखरच किंचित पिवळे. म्हणजे १८ तारखेची शंका अगदीच खोटी नव्हती, औषध मात्र दहापट झालं होतं.

दोष प्रिंटरच्या कागदाचा. तो पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी द्रव्यं घालतात. दिवसाच्या उजेडातल्या अतिनील किरणांनी ती निळसर चमकतात. कॅमेऱ्याला वाटतं उजेड निळा आहे, आणि तो सगळ्यावर पिवळा चढवतो. दिव्याखाली हे जाणवलं नाही, कारण त्या एलईडीत अतिनील जवळपास नसतंच. छायाचित्रणासाठी मिळणारं करडं कार्ड आणलं. या सगळ्या उद्योगात पैसे वसूल झाले ते दोनच वस्तूंत, ट्रायपॉड आणि हे कार्ड. कार्डावर व्हाइट बॅलन्स घेतल्यावर आकडे आले १२७, १२७, १२८.

ढग आले-गेले की परत घ्यायचा. आकाश भरून येतं तेव्हा उजेडाचा रंग बदलतो आणि आपल्याला ते कळत नाही. मी दर तीन वस्तूंमागे घेतो. वेळ सकाळी साडेदहा ते साडेबारा, त्यानंतर समोरच्या भिंतीवर ऊन पडून तिचा रंग खोलीत येतो.

२२ नोव्हेंबर

राणी रंगाचा मफलर. रंग जुळतोय पण टाके दिसत नाहीत, सगळा एक लाल-गुलाबी गोळा. टोचण ठेवलं तर लाल सगळीकडे २५५, म्हणजे शेवटचा आकडा. लाल काठोकाठ भरून सांडला की उंच टाका आणि खोल टाका यांत फरकच उरत नाही. कॅमेऱ्यावरचा आलेख काही बोलत नव्हता, तो एकूण उजेडाचा असतो. भरपाई ० वर आणली, मग -१/३. तरीही भडक. शेवटी मेनूत पाहिलं तर रंगाची पद्धत ‘व्हिव्हिड’ वर होती, कधी कुणी ठेवली देव जाणे. साध्या पद्धतीवर आणली आणि टाके परत आले.

२४ नोव्हेंबर

जवळचे फोटो. फुलाच्या चिन्हाचा मॅक्रो लावून ५ सेंटिमीटरवर गेलो. दोन अडचणी. कॅमेऱ्याची स्वतःची सावली विणीवर पडते, आणि सरळ ओळी मध्ये फुगून पिंपासारख्या दिसतात. उपाय उलटा आहे: मागे सरका. साधारण अर्ध्या मीटरवरून मध्यम झूम, मग कापून घ्यायचं. फोटो ४००० पिक्सेल रुंद असतो, मला लागतात १६००. अर्धा कापला तरी उरतं. डिजिटल झूम मात्र बंद ठेवा, तो कापण्याचंच काम करतो आणि वर फुगवून देतो.

काळ्या मफलरवर फोकस धरेना, चौकट पिवळीच राहायची. त्याच पातळीवर छापील चिठ्ठी ठेवली, बटण अर्धं दाबून फोकस धरला, बटण तसंच ठेवून चिठ्ठी काढली, मग पूर्ण दाबलं. चिठ्ठी घडीच्या वर ठेवलीत तर फोकसही वरच राहील, तेव्हा जो भाग दाखवायचा त्याच्यावरच ठेवा.

२६ नोव्हेंबर

मावशीची तपासणी. ३६ पैकी ३४ पास. अबोली मोज्यांचा फोटो परत काढायचा, तो तिला ‘आजारी’ वाटतो. माझ्या मते बरोबर आहे, पण डोळे तिचे.

राहिली जांभळी शाल. खिडकीत ती निळी येत नाही, जांभळीच येते, पण प्रत्यक्षात जो लालसर वांगी रंग आहे तो पूर्ण उतरत नाही. कार्डाचे आकडे चोख असतानासुद्धा. काही जांभळ्या रंगांच्या बाबतीत सेन्सर आणि आपला डोळा एकमेकांशी सहमत होत नाहीत. फक्त जांभळ्याची छटा लालाकडे थोडी सरकवली, बाकी कशाला हात न लावता. मावशीने शाल पडद्याला लावली, बाजूला केली, परत लावली.

“जवळ आलाय. पण खाली लिही, प्रत्यक्षात याहून लालसर आहे म्हणून.”

लिहिलं. मोज्यांचं उद्या साडेदहाला, आकाश मोकळं असेल तर.